पट्टी

पारनेरात माझं औषधांचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. या धंद्यात ‘पट्टी’ हा शब्द दिवसातून शंभर वेळा कानावर येतो. “बीपीची अर्धीच पट्टी द्या,” म्हणणारी गिऱ्हाइकं महिन्याच्या वीस तारखेनंतर वाढतात. दुकानाबाहेर पाऊल टाकलं की यात्रेची पट्टी असते, घरपट्टी-पाणीपट्टी असते, आणि आडत्याकडून कांद्याची पट्टी आली की घरात त्या दिवशी कोण कोणाशी बोलणार ते तिच्यावर ठरतं. २०२४ च्या उन्हाळ्यात मी या सगळ्या पट्ट्यांच्या मधोमध अडकलो. निमित्त झालं पळण्याचं.

पळायला लागलो तेव्हा चाळिशी ओलांडली होती आणि वजन शहाऐंशी किलो. पहाटे सुप्याच्या रस्त्याला पोलीस भरतीची पोरं सोळाशे मीटरचा सराव करायची, त्यांच्या मागे मी. पहिल्या आठवड्यात त्यांतला एक म्हणाला, “काका, छाती तर भरंल तुमची. पोटाचं माप घेत न्हाईत, तेवढं बरंय.” त्या पोरांच्या चार-पाच तुकड्या भरती होऊन गेल्या, नवी पोरं आली, मी मात्र त्याच रस्त्यावर राहिलो. दहा किलोमीटर झाले, एकवीस झाले, मग मुंबईला बेचाळीस. त्यापुढे जे काही अंतर असेल त्याला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात, आणि ज्यांना तो नाद लागतो ते कधी ना कधी कॉम्रेड्सचं नाव काढतातच.

कॉम्रेड्स म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली डरबान ते पीटरमॅरित्झबर्ग शर्यत. एका वर्षी समुद्राकडून वर चढायचं, दुसऱ्या वर्षी बहुधा उलट खाली यायचं. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास, मुदत बारा तास. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून व्हिक क्लॅफम नावाच्या माणसाने ती सुरू केली. २४ मे १९२१ ला ३४ जण पळाले, १६ पोचले. बारा तास भरले की एक पदाधिकारी येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक झाडतो. दोन पावलांवर असलेला माणूसही त्या क्षणी नापास. पाठ कशासाठी, तर येणाऱ्याचा चेहरा पाहून हात अडखळू नये म्हणून असेल, असं मी आपलं धरून चाललो आहे.

१९२१ हे साल माझ्या डोक्यात वेगळ्या कारणाने बसलेलं होतं. त्याच मे महिन्यात टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले आणि त्यातून इन्सुलिन हाती आलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोचली. पुढे पेटंटचे हक्क विद्यापीठाला दिले तेव्हा संशोधकांनी प्रत्येकी एक डॉलर घेतला. (१९२१ मध्येच आमच्या पारनेरचे सेनापती बापट मुळशीच्या धरणाविरुद्ध उभे होते. पारनेरचा माणूस कुठल्याही सालात आपला माणूस शोधतोच, त्याला इलाज नाही.) औषध दुकानदाराला ही इन्सुलिनची गोष्ट परीक्षेपुरती ठाऊक असते. मला ती खरी कळली कान्हूर पठाराच्या बाजूच्या एका वस्तीवरच्या पोरामुळे.

पोरगा तेव्हा नऊ वर्षांचा. टाइप वन, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशीच संपलेल्या. म्हाताऱ्यांच्या मधुमेहासारखं इथे गोळीवर भागत नाही. रोज सुई, जन्मभर. त्याचा बाप सुप्याच्या एमआयडीसीत टेम्पोवर. तो दुकानात यायचा आणि म्हणायचा, “शुगरच्या पट्ट्या दहाच द्या, सुट्या.” आणि मी दर वेळी नाही म्हणायचो. कारण त्या पट्टीवरचं रसायन दमट हवेत बिघडतं, डबी उघडली की झाकण लगेच घट्ट लावावं लागतं, कागदात बांधून दिलेली पट्टी खोटा आकडा दाखवणार. आणि खोट्या आकड्यावर पोराला डोस दिला तर पोरगं झोपेत जाईल. हे सगळं मी त्याला समजावून सांगायचो, तो मान डोलवायचा, आणि पन्नासची डबी न घेता निघून जायचा.

लोकांना वाटतं इन्सुलिन महाग. साधी कुपी तेव्हा दीडशे-पावणेदोनशेला यायची, लहान पोराला महिन्याला दोन लागतात. खरा खर्च मोजण्याचा. दिवसातून चार वेळा बोट टोचायचं, एका पट्टीला साधारण वीस रुपये, म्हणजे वर्षाला २९,२०० रुपये. हा खर्च परवडत नाही म्हणून आईबाप अंदाजाने सुई देतात. माझ्या माहितीत तालुक्यात अशी अकरा मुलं होती. अकरांचे झाले ३,२१,२००.

मुंबई मॅरेथॉनमध्ये मी पाहिलं होतं की धावणारा एखाद्या संस्थेसाठी मित्रांकडे मोबाइलवर मागणी पाठवतो आणि पैसे जमतात. मुलांच्या मधुमेहासाठी संस्था उभी राहू शकते हेही माहीत होतं, संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडांची ‘उडान’ आहेच. म्हटलं, आपण कॉम्रेड्स पळू आणि अकरा पोरांच्या पट्ट्यांचे पैसे उभे करू. २०२४ ची शर्यत ९ जूनला होती, ८५.९१ किलोमीटर, चढाची. नाव नोंदवून फी भरली. २१ जानेवारीला मुंबईत चार तास एकतीस मिनिटांत बेचाळीस पळालो. पात्रतेला चार पन्नासच्या आत लागतं, ते झालं. दुकानात फळा लावला: ‘मी पळतो, तुम्ही पट्टी द्या.’ माझ्या मते ओळ झकास होती.

पहिला तडाखा शेजारच्या कापड दुकानदाराने दिला. मी सांगितलं, दर किलोमीटरला दहा रुपये. त्याने बोटं मोजली. “म्हणजे नऊशे? हे घे पाचशे, आणि पळू नकोस.”

दुसरा तडाखा हसण्यावारी नेता आला नाही. त्या पोराची आजी डबी घ्यायला आली होती. फळा तिला वाचता येत नव्हता, मी वाचून दाखवला, आफ्रिकेचं सांगितलं.

“तिकडं जायाला किती लागत्यात?”

“दोन-सव्वादोन लाख, आजी. विमान, व्हिसा, राहणं.”

“आन् गोळा किती करनार?”

“तीन लाख.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. तिला खरंच कळत नव्हतं, टोमणा नव्हता तो. “मंग जाताच कशाला?” म्हणाली, आणि पिशवी उचलून एसटी गाठायला गेली.

तीन दिवस मला तिचा राग आला होता. आपला पैसा, आपला घाम, हिला काय करायचंय. चौथ्या दिवशी बिल फाडता फाडता त्याच बिलाच्या मागे हिशेब केला. सव्वादोन लाखांत ११,२५० पट्ट्या. एका पोराची साडेसात वर्षांहून जास्त. मी ज्याला सेवा म्हणत होतो त्यात माझी आफ्रिकेची सहल लोकांच्या डोळ्यांआड बसलेली होती. माणसाला दोन्ही हवं असतं, पळण्याचा मान आणि देण्याचं पुण्य, आणि एका तिकिटात दोन्ही होत असेल तर कोण सोडतो! मी आफ्रिका सोडली. त्यात मोठेपणा काही नाही, विमानाचं तिकीट अजून काढलेलं नव्हतं म्हणून सोडवली. भरलेली फी गेली. ठरवलं की त्याच दिवशी, ९ जूनला, आपल्याच तालुक्यात बारा तास पळायचं. वाचलेल्या रकमेतले एक लाख नगरच्या एका नोंदणीकृत संस्थेला दिले. उरलेल्यातून दुकानाचा जुना फ्रिज बदलला, कारण इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं आणि जुना फ्रिज भरवशाचा राहिला नव्हता. बाकीचं कुठे गेलं ते बायकोला ठाऊक.

आता पट्टी मागणं आलं. पळण्यापेक्षा हेच काम अवघड, हे मी आधी कुणाकडून ऐकलं नव्हतं.

एक तर वर्ष वाईट. आदल्या पावसाळ्याने हात आखडता घेतला होता. ८ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती, ती उठली ४ मेला, तीही चाळीस टक्के शुल्क लावून. एका शेतकऱ्याने मला खिशातून आडत्याची पट्टी काढून दाखवली. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता जे उरलं होतं त्यात बियाण्याचे पैसेही निघत नव्हते. तरी त्याने शंभराची नोट दिली. “लिहून घ्या, पण फळ्यावर नाव नको. देणेकरी वाचत्यात.”

दुसरं म्हणजे निवडणूक. मार्चच्या मध्यावर आचारसंहिता लागली, आमच्या मतदारसंघाचं मतदान १३ मेला. ऐन एप्रिलमध्ये पावतीपुस्तक घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला पहिला प्रश्न एकच: “कुणाकडून?” मी म्हणायचो, लहान मुलांच्या शुगरकडून. एका वस्तीवर म्हातारबा म्हणाले, “हा कोणता पक्ष?” पन्नास हजारांवर रोकड जवळ बाळगली तर तपासणी पथकाला कागद दाखवावे लागत, म्हणून जमलेले पैसे रोजच्या रोज बँकेत.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात झोंबली. “पट्ट्या घेणार कुठून? तुमच्याच दुकानातून ना?” हे तोंडावर विचारणारे दोघेच निघाले, मनात विचारणारे किती ते देव जाणे. प्रश्न रास्त होता. मी औषधवाला, मीच पट्टी मागणार, मीच पट्टी विकणार, म्हणजे दोन्ही पट्ट्या माझ्याच. म्हणून पैसा नगरच्या त्याच संस्थेच्या खात्यात गेला, पावत्या तिच्या, खरेदी तिने घाऊक बाजारातून केली, माझ्या दुकानातून एक डबीसुद्धा नाही. गणपती मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक न्यास कायद्याच्या ४१-क खाली परवानगी काढतात, ते मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. संस्थेमुळे मला त्या वाटेने जावं लागलं नाही, पण कलम वाचून काढलं. दोन हजारांवर रोख दिली तर ऐंशी-जीची करसवलत मिळत नाही, हेही तेव्हाच कळलं. पारनेरात हा सवलतीचा प्रश्न एकालाही पडला नाही तो भाग वेगळा.

कामोठ्याला, घाटकोपरला आमच्या तालुक्याची निम्मी घरं. त्यांना फोन लावले. तिथल्या एकाने मोकळेपणाने सांगितलं, “गावच्या यात्रेची पट्टी असती तर पाच हजार दिले असते राव. हे पाचशे घ्या.” मला ते लागलं, पण खोटं नव्हतं. यात्रेच्या पट्टीला स्पीकरवरून नाव पुकारलं जातं, कुस्तीच्या इनामात आपला वाटा दिसतो, देवाचं काम होतं. पट्टीचं काम आपल्याकडे चालतं ते असं. अनोळखी पोराच्या रक्तातल्या आकड्याला तसा स्पीकर नाही. दुकानात कुणीतरी बारामतीच्या लता करेंचा विषय काढला. नवऱ्याच्या उपचारासाठी २०१३ साली नऊवारीत, अनवाणी, तीन किलोमीटरच्या शर्यतीत पळून त्यांनी बक्षीस आणलं, त्यांच्यावर सिनेमाही निघाला. त्यांचं पळणं कुणालाही एका वाक्यात कळतं. इनाम होतं, ते जिंकलं, औषधपाणी झालं. माझ्या पळण्यात इनाम कुठे आहे, हे मलाच सांगता येत नव्हतं.

मग ते सुटलं कसं, तर सांगण्याने नाही. रोज पहाटे चारला मी निघायचो. शनिवारी तीस किलोमीटर, रविवारी दमलेल्या पायांनी पुन्हा चाळीस, अशी अल्ट्राची तयारी असते. ताज्या पायांनी लांब पळण्यापेक्षा थकलेल्या पायांना पळायला लावायचं. पारनेरहून पठार चढून कान्हूर, पुढे टाकळी ढोकेश्वर, आणि मागे. मार्चमध्ये कुत्री मागे लागायची. एप्रिलात ती नुसती मान वर करायची. मेमध्ये वस्तीवरची बाई हंडा भरता भरता म्हणायची, “आज उशीर झाला?” आपल्याकडे पहाटे दारावरून जाणारा माणूस काही नवा नाही, पिंगळा यायचा, वासुदेव यायचा. तो दारात आला की सुपात धान्य यायचं, कशासाठी असं कुणी विचारत नसे. मला टोपीही नव्हती आणि टाळही नव्हते, घामाने भिजलेला बनियन होता. पण मेच्या मध्यापासून रस्त्यात थांबवून पैसे हातात द्यायला लागले. वीस, पन्नास, एकदा नुसता पायलीभर हुलगा. तो मी दुकानात विकला आणि त्याचे एकशे साठ रुपये ‘हुलगा’ म्हणूनच फळ्यावर लिहिले. लोक माझ्या कामाला देत नव्हते, रोज दिसणाऱ्या माणसाला देत होते. शर्यत डरबानला झाली असती तर यातलं काही झालं नसतं.

एप्रिलातल्या एका रविवारी टाकळीहून परतताना माझी बॅटरी उतरली. शरीरात साखरेचा साठा चार-पाचशे ग्रॅमच, तिशीच्या किलोमीटरला तो आटतो. मी चिक्की घरी विसरलो होतो आणि पाणी नको तितकं प्यायलो होतो. पठारावर, त्या आजीच्या वस्तीजवळ, बाभळीखाली बसलो तो उठवेना. हात थरथरत होते, समोरचं कुंपण एकाचं दोन दिसत होतं. तो पोरगा शेळ्या घेऊन चालला होता. माझ्याकडे त्याने डॉक्टर बघतो तसं पाहिलं.

“काका, लो झालंय तुम्हाला.”

“मला शुगर नाहीये रे.”

“मग घाम गार का आलाय?” त्याने चड्डीच्या खिशातून कागदाची पुडी काढली. शाळेत लो झालं तर म्हणून आई बांधून देते ती साखर. माझ्या तळहातावर ओतली आणि चाटून होईपर्यंत समोर उभा राहिला. सव्वीस वर्षं मी काउंटरवरून ‘चक्कर आल्यास साखर खावी’ हे सांगत आलो होतो.

४ जूनला निकाल लागला, पारनेरचेच नीलेश लंके खासदार झाले, आणि ९ तारखेला पहाटे मी पेठेतून निघालो तेव्हाही फरशांच्या फटींत गुलाल होता. रात्री शिंतोडा पडून गेलेला. भरतीची पोरं उभी होती. त्यांची मैदानी चाचणी १९ जूनपासून, दहा दिवसांवर, मी म्हटलं पाय जपा. त्यांनी आपसात वाटणी केली होती, प्रत्येकाने माझ्यासोबत सोळाशे मीटर, त्याहून एक पाऊल जास्त नाही. एक गेला की दुसरा रस्त्याच्या कडेला तयार. बहुतेक वेळ ती पोरं संध्याकाळच्या भारत-पाकिस्तान सामन्यावरच बोलत होती, आणि मला ते बरं वाटत होतं.

नऊ वाजता डरबानला शर्यत सुटली असणार, तिकडे साडेपाच. मी तेव्हा पठारावर होतो आणि डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख सुटलं होतं. बारानंतर पारनेरात परत येऊन सुप्याच्या रस्त्याला लागलो. मालमोटारींचा धूर, एका बाजूला पवनचक्क्या, दोनशे पावलं पळायचं, शंभर चालायचं. त्या तीन तासांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अडीचच्या सुमारास पुतण्याचा फोन आला की तिकडे पीट विएर्स्मा नावाचा डच गडी पाच तास पंचवीस मिनिटांत पोचलाही. मी म्हटलं, बरं झालं.

चारला बारा तास भरले तेव्हा घड्याळात अठ्ठ्याहत्तर किलोमीटर होते. आफ्रिकेत असतो तर बंदूक माझ्याकडे पाठ करून झडली असती. इथे दुकानाच्या ओट्यावर बायकोने सतरंजी टाकली होती आणि फळ्यावर पुतण्याने बेरीज मांडली होती: १,८४,६५०. माझे लाख धरून ३६,५५० कमी. कापड दुकानदार समोरून आला, फळा वाचला, काही न बोलता आणखी पाचशे ठेवून गेला.

आजी आणि पोरगा एसटीने आले होते. पोराच्या गळ्यात मशीनची पिशवी. तो माझ्याजवळ उकिडवा बसला, डबी उघडून पट्टी काढली आणि झाकण लगेच घट्ट लावलं, मी शिकवलं होतं तसं. माझं बोट धरलं.

“अरे, नको. वीस रुपयांची आहे.”

“हलू नका.” टोचलं. पाच सेकंद गेले. “अडुसष्ट,” तो म्हणाला, आणि खिशातली पुडी काढली. “लो आहे. ही खा. पंधरा मिनिटं बसायचं, उठायचं नाही. मग परत बघू.”

“परत म्हणजे दुसरी पट्टी?”

“मग?” असं म्हणून तो माझ्या मनगटावरचं घड्याळ बघत बसला.